लिंगाचा वारसा

ज्या अरण्यप्रदेशाला सरकारी दफ्तरांत दीर्घकाळ चांदा या एकाच नावाने ओळखले जाई आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी ज्याची चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत वाटणी झाली, त्या प्रदेशातील आश्रमशाळांचे शिक्षक, उपकेंद्रांतील परिचारिका, गावोगावच्या आशा आणि सुइणी यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. मूल मुलगा की मुलगी हे कशाने ठरते, ते आईकडून येते की बापाकडून, आणि एकाच आईबापांची लेकरे एकमेकांहून इतकी निराळी का निपजतात, हे प्रश्न या मंडळींना वारंवार विचारले जातात. आणि त्यांची जी उत्तरे पाठ्यपुस्तकांत सापडतात ती खोटी नसली तरी फार अपुरी असतात. बापाकडून वाय आला तर मुलगा, एक्स आला तर मुलगी, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून गुरुजी पुढच्या धड्याकडे वळतात, आणि विद्यार्थ्याचा असा ग्रह होतो की, लिंग म्हणजे गर्भधारणेच्या क्षणी एकदाच लागणारा, ज्यावर अपील नाही असा निकाल. खरे पाहता त्या क्षणी एका दीर्घ कारवाईला केवळ आरंभ होतो. तिचे टप्पे अनेक, प्रत्येक टप्प्यावरचे अंमलदार निराळे, आणि म्हणूनच तिच्या फलितातही वैविध्य. हे उलगडून सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

हा विषय याच दोन जिल्ह्यांच्या आधारे का मांडावा, याचे एक सबळ कारण जनगणनेच्या तक्त्यांत आहे. २०११ साली शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे गडचिरोलीत ९६१ आणि चंद्रपुरात ९५३ मुली नोंदल्या गेल्या. त्याच जनगणनेत सबंध महाराष्ट्राचा आकडा ८९४ आणि बीड जिल्ह्याचा ८०७ होता. मनुष्यजातीत दर शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ९५२ मुली, आणि अर्भकावस्थेत मुलगे किंचित अधिक दगावत असल्यामुळे हे अंतर पुढे थोडे कमी होते, ही गोष्ट ध्यानात घेतली की गडचिरोली आणि चंद्रपूर यांचे आकडे म्हणजे जवळजवळ निसर्गाचेच आकडे होत, हे सहज दिसते. या दोन जिल्ह्यांनी मुलींच्या बाबतीत काही पराक्रम केला असे नव्हे; इतरत्र जी ढवळाढवळ झाली ती येथे झाली नाही, इतकेच. निसर्गाचे प्रमाण कोणते हे दाखविण्यासाठी महाराष्ट्रात कोठे बोट ठेवावयाचे झाल्यास ते या जंगलपट्टीवरच ठेवावे लागते.

मुलग्यांचे हे किंचित आधिक्य माणसाच्या नजरेला आले तेही दफ्तरांतूनच. जॉन आर्बथनॉट या वैद्याने लंडन शहरातील १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी पडताळल्या, तेव्हा एकही वर्ष असे निघाले नाही की ज्यात मुलींची संख्या अधिक होती. आणि हे योगायोगाने घडणे अशक्य, सबब यात ईश्वरी योजना आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. हिशेब बिनचूक होता; निष्कर्षाबद्दल ज्याने त्याने आपले मत बनवावे. पुढे १९३० साली रोनाल्ड फिशर यांनी याच समतोलाची उपपत्ती ईश्वराला मध्ये न आणता मांडली. ज्या लिंगाची संख्या घटते त्याला जोडीदार मिळणे सुलभ होते, त्यामुळे ते लिंग अधिक प्रसवणाऱ्या मातापित्यांना नातवंडे अधिक लाभतात, आणि पिढ्यानुपिढ्या तराजू पुन्हा बरोबरीकडे झुकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या समाजाने दोनतीन दशकांतच यंत्राच्या साहाय्याने हा तराजू वाकवला, त्याच्यासाठी मात्र निसर्ग इतकी सवड काढील असे दिसत नाही.

जंगलपट्टीत ढवळाढवळ का झाली नाही, याचे उत्तर देताना आदिवासी जीवनाचे नुसते गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. गोंड-माडिया समाजात लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज द्यावयाचे असते, मोहफुले वेचण्यापासून तेंदूपाने खुडण्यापर्यंतच्या कामांत बाईचा वाटा मोठा असतो, आणि त्यामुळे मुलगी जन्मली म्हणून घरावर कर्जाचे सावट पडत नाही, हे खरे. परंतु याच मुलखात पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या कुर्माघरात बसावे लागते, हेही खरे. आणि गर्भलिंग दाखविणारी यंत्रे पठारावरील सधन तालुक्यांत जितक्या लवकर आणि जितक्या संख्येने पोहोचली तशी ती भामरागड-एटापल्लीच्या रानात पोहोचली नाहीत, हे कारणही वजा करता येत नाही. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली झाला. तरीही २००१ चा महाराष्ट्राचा ९१३ हा आकडा २०११ मध्ये ८९४ वर उतरला, यावरून केवळ कायद्याचा वचक किती पुरतो याचा अंदाज येतो.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या प्राचीन वैद्यकाने या प्रश्नाची हेळसांड केली नव्हती. पित्याचे शुक्र प्रबळ झाल्यास पुत्र, मातेचे आर्तव प्रबळ झाल्यास कन्या, आणि दोन्ही सम झाल्यास दोहोंपैकी कोणतेही लक्षण पूर्णपणे न धारण करणारी संतती, असे चरक-सुश्रुतांच्या परंपरेने मानले. ही उपपत्ती आज टिकत नाही. तथापि तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांबद्दल त्या आचार्यांना दाद द्यावी: एक तर त्यांनी दोनच नव्हे तर तीन फलिते गृहीत धरली, आणि दुसरे म्हणजे पुंसवनाचा विधी गर्भाची लिंगचिन्हे व्यक्त होण्यापूर्वीच करावा असे सांगताना गर्भाची एक अव्यक्त अवस्था असते हे त्यांनी मान्य केले. विधीचा उपयोग शून्य. त्यामागचे निरीक्षण मात्र मोलाचे.

लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रांचा शोध लागला तो मात्र क्षुद्र किड्यांत. १९०५ साली अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने पिठात वाढणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या, तेव्हा मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे आणि नराच्या पेशीत एकोणीस मोठी व एक लहान, असा फरक त्यांना आढळला. ज्या शुक्रजंतूत ते लहान गुणसूत्र, म्हणजे आजचे वाय, जाते त्यापासून नर आणि ज्यात मोठे जाते त्यापासून मादी निपजते, हे अनुमान त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे या शोधापाशी पोहोचले, आणि लौकिक बराच काळ त्यांच्याच वाट्याला अधिक आला. लिंगाची चर्चा करणाऱ्या शास्त्रातच स्त्रीच्या श्रेयाची ही वाटणी व्हावी, याला काय म्हणावे! मनुष्याच्या बाबतीत प्रगती याहून मंद झाली. आपल्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे जगभरची पाठ्यपुस्तके तीसेक वर्षे सांगत राहिली, आणि ती ४६ आहेत हे स्वीडनमधील लुंड येथे टिजो आणि लेव्हान यांनी १९५६ साली सिद्ध केले. तोवर असाही समज होता की, फळमाशीप्रमाणे माणसातही वाय गुणसूत्राला लिंगनिश्चितीत काही हात नसावा. १९५९ साली दोन एक्स आणि एक वाय असलेला मनुष्य पुरुष असतो, आणि एकच एक्स असून वाय मुळीच नसलेली व्यक्ती स्त्री असते, असे दोन्ही दाखले हाती आले, तेव्हा तो समज मावळला. वायमधील नेमके कोणते जनुक हे काम करते ते कळण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्याला एसआरवाय असे नाव आहे, आणि पुढच्याच वर्षी ते मादी उंदराच्या गर्भात घालून त्यापासून वृषणधारी नर घडवून दाखविण्यात आला.

बापाच्या शुक्रजंतूंपैकी निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असतो, म्हणून मुली झाल्या याचा दोष बाईच्या माथी मारणे अडाणीपणाचे होय, हे आता गावोगाव सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. मुलगा होत नाही या सबबीवर दुसरी बायको करणाऱ्यांना तर ते दोनदा सांगावे. परंतु ‘दोष बापाचा’ अशी जी उलटी गर्जना काही उत्साही व्याख्याते करतात ती मला पसंत नाही. कोणता शुक्रजंतू बीजांडापाशी पोहोचावा यावर बापाची मुखत्यारी आईइतकीच, म्हणजे मुळीच नाही. आणि जेथे दोष नाही तेथे त्याची मालकी एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवल्याने ज्ञानात काय भर पडली?

पुस्तिकेचा मोठा भाग ज्याला दिला आहे तो प्रकार याच्या पुढचा आहे. पहिले सहा आठवडे मुलाचा आणि मुलीचा गर्भ डोळ्यांना एकसारखाच दिसतो. दोघांच्याही ठिकाणी एकच अनिश्चित ग्रंथी, तिच्याशेजारी नलिकांच्या दोन जोड्या, एक पुरुषाच्या अंतर्गत अवयवांसाठी आणि एक गर्भाशयासाठी, आणि बाह्यांगाच्या जागी एकच उंचवटा अशी सिद्धता असते. जिल्ह्याच्या कचेरीतून निघालेला हुकूम तहसिलीत यावा, तेथून पटवाऱ्याच्या साझ्यात पोहोचावा, आणि कोतवालाने दवंडी पिटल्यावरच गावाला लागू व्हावा, तशी पुढील व्यवस्था आहे. एसआरवाय हा मूळ हुकूम. तो निघाला की ग्रंथीचे वृषण बनते. वृषणातून दोन रस सुटतात, त्यांपैकी एक गर्भाशयाच्या नलिका विरवतो आणि दुसरा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषाच्या नलिका जोपासतो. या टेस्टोस्टेरॉनचे एका विकराकडून अधिक तीव्र रूपांतर झाल्यावर बाह्य अवयव पुरुषाचे होतात. आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४७ च्या सुमारास सशिणीच्या पोटातील गर्भांची लिंगग्रंथी काढून पाहिली, तेव्हा मूळ गुणसूत्रे कोणतीही असोत, सर्वांच्या ठायी मादीचेच अवयव वाढले. यावरून स्त्रीदेह म्हणजे हुकूम न आल्यास आपोआप होणारी गोष्ट, असा समज काही दशके रूढ झाला. पण तोही अर्धाच खरा, कारण अंडाशय घडवणारी जनुके आपापले स्वतंत्र काम करतात आणि वृषणाच्या मार्गाला विरोधही करतात, हे त्यानंतर उघड झाले.

हुकूम निघाला पण वाटेत अडला, किंवा पोहोचला पण ऐकला गेला नाही, तर काय होते? गुणसूत्रे एक्स-वाय, वृषणे तयार, टेस्टोस्टेरॉनही भरपूर, परंतु शरीरातील पेशी त्याला ओळखतच नाहीत, अशा व्यक्तीचा देह बाहेरून संपूर्णपणे स्त्रीचा असतो; ती मुलगी म्हणून वाढते, आणि वयात येऊनही पाळी आली नाही म्हणून दवाखान्यात गेली की बहुधा ही गोष्ट उमगते. जेथे टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर करणारा विकर नसतो तेथे जन्मतः मुलगी वाटणारे मूल वयात येताना पुरुषाची लक्षणे धारण करते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका आडवळणाच्या वस्तीत अशी मुले बरीच होती आणि गावाने त्यांच्यासाठी एक नावही ठेवले होते, असे वृत्त १९७४ साली प्रसिद्ध झाले. उलटपक्षी गुणसूत्रे एक्स-एक्स असून अधिवृक्क ग्रंथीतील दोषामुळे पुंसंप्रेरके वाजवीपेक्षा जास्त होतात, तेव्हा मुलीचे बाह्यांग मुलासारखे दिसू लागते. हा शेवटचा प्रकार सुइणींनी व परिचारिकांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण त्याच्या एका तीव्र रूपात मूल पहिल्या दोनतीन आठवड्यांत ओकाऱ्या होऊन, अंगातील मीठ घटून दगावते, आणि वेळीच औषध मिळाल्यास जगते. अशा बाळाचे लिंग कोणते हा प्रश्न घरच्यांना सर्वांत निकडीचा वाटतो. त्याला तातडीने रुग्णालयात पोहोचविणे त्याहून निकडीचे आहे.

असे मूल लपविले जाते, ही खरी अडचण. पण या मुलखातील लोक शरीराबद्दल बोलतच नाहीत, असे जे म्हटले जाते त्याला येथेच एक सणसणीत उत्तर मिळालेले आहे: राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांच्यापैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ साली जगापुढे मांडले, ते त्या स्त्रिया बोलल्या म्हणूनच. विचारणारा कोण आणि कोणत्या रीतीने विचारतो, यावर बरेच अवलंबून असते. येथेच एक खुलासा करतो. वर वर्णिलेले देहभेद आणि समाजात ज्यांना तृतीयपंथी म्हणतात त्यांची स्वतःविषयीची जाणीव, या दोन भिन्न बाबी आहेत. त्यांची गल्लत वर्तमानपत्रेही करतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख सांगण्याचा अधिकार मान्य केला, तो दुसऱ्या बाबीच्या संदर्भात. २०१९ च्या कायद्यात देहभेदांची व्याख्या स्वतंत्रपणे दिलेली आहे.

हे सारे अतिदुर्मीळ, आपल्याकडे कोठे असणार, असे वाटत असेल तर थोडा हिशेब करावा. दोन एक्स व एक वाय असलेले पुरुष सर्वत्र साधारण सहाशेत एक या प्रमाणात आढळतात. २०११ साली या दोन जिल्ह्यांत मिळून सोळा लाखांहून अधिक पुरुष होते, तेव्हा या हिशेबाने त्यांत अडीच हजारांहून अधिक जण असे निघावेत. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर या गोष्टीचा पत्ता नसतो. ते शेती करतात, कोळशाच्या खाणीत कामाला जातात, मतदान करतात. फार तर मूल होत नाही म्हणून बायकोला देवादिकांकडे आणि पुजाऱ्याकडे धाडतात.

आता वारशाविषयी. गोंड समाजात कुळांची विभागणी चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत असते, एका गटातील मंडळी परस्परांना भाऊबंद समजतात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही, हे शेजारच्या आदिलाबादेतील राजगोंडांवर १९४८ साली ग्रंथ लिहिणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी विस्ताराने नोंदले आहे. हा देव बापाकडून मुलाकडे आणि त्याच्याकडून नातवाकडे जातो. वाय गुणसूत्राचा मार्ग हुबेहूब हाच. किंबहुना आश्रमशाळेतल्या मुलाला वाय समजावयाचा तर त्याच्या स्वतःच्या देवाहून सोपा दाखला मिळणार नाही. एक्सची चाल मात्र कुळाच्या कोणत्याही नोंदवहीत बसत नाही. बापाचा एक्स त्याच्या सगळ्या मुलींना मिळतो आणि एकाही मुलाला मिळत नाही. म्हणून आजोबाचे जे काही त्या गुणसूत्रावर असेल ते मुलीतून गुपचूप उतरून तिच्या मुलाच्या ठायी प्रकट होऊ शकते, आणि नातू आईच्या बापावर गेला असे घरातली म्हातारी म्हणते तेव्हा निदान एवढ्यापुरते तिचे म्हणणे शास्त्रशुद्ध असते. उरलेल्या बावीस जोड्यांना लिंगाचा विधिनिषेध नाही. तेवीसही जोड्यांतून एकेक गुणसूत्र निवडण्याच्या रीतीच एका व्यक्तीपुरत्या ८३ लाखांहून अधिक होतात, शिवाय जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदलही करतात. तेव्हा सख्खी भावंडे निराळी का, यापेक्षा ती कधी कधी इतकी सारखी का दिसतात, हेच नवल मानावे.

लिंग आणि वैविध्य या दोन्ही धाग्यांची गाठ या जिल्ह्यांत जेथे बसते ते ठिकाण म्हणजे हिवताप. सिकलसेलची चर्चा मध्य भारतात १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांच्या लेखापासून सुरू झाली आणि ती आता सर्वांच्या कानावर आहे. ज्याच्याकडे त्या जनुकाची एकच प्रत असते त्याला घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते, दोन प्रती एकत्र आल्या की रोग होतो. आणि ते जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही जोखीम सारखीच. मात्र हिवतापानेच टिकवून धरलेला दुसरा एक भेद एक्सवर बसलेला आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. त्याचे नाव जी-६-पीडी या विकराची कमतरता. पुरुषापाशी एक्स एकच, त्यामुळे सदोष जनुक आले की कमतरता पूर्ण. बाईपाशी दोन असल्यामुळे तिचे निभावते, पण कसे निभावते ते पाहण्यासारखे आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स निद्रिस्त होतो, हे मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांवरून सांगितले, आणि वर्षभरात अर्नेस्ट बॉयटलर यांनी याच विकराचा आधार घेऊन दाखविले की अशा स्त्रीच्या रक्तात काही तांबड्या पेशी सशक्त आणि काही दुर्बल, अशा दोन जाती शेजारी शेजारी वाहत असतात.

गोंडांत आत्तेमामे भावंडांच्या लग्नाला दूध लौटावा म्हणतात, आणि मामाची मुलगी करण्याची चाल मराठी मुलखातही अपरिचित नाही. आईकडच्या आजीच्या एका एक्सवर जी-६-पीडीचे सदोष जनुक असेल, ते मामाकडे आणि आईकडे दोघांकडेही उतरले असेल, तर मामाच्या प्रत्येक मुलीकडे ते जाणारच. आणि आईने ते आपल्या मुलाला दिले असेल, व त्याने मामाची मुलगी केली, तर त्यांच्या मुलींपैकी निम्म्यांच्या दोन्ही एक्सवर ते येण्याचा संभव असतो. हा विकार पुरुषांचाच, असे छापील पत्रकात वाचून निर्धास्त राहिलेल्या आरोग्यसेवकाने ही वंशावळ एकदा कागदावर काढून पाहावी.

व्यवहारात याचा संबंध प्रायमाक्विनच्या गोळीशी येतो. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीचा असतो, आणि व्हायव्हॅक्स जातीचा ताप यकृतात दडून पुन्हा उलटू नये म्हणून ही गोळी १४ दिवस द्यावी लागते. नेमकी हीच गोळी जी-६-पीडी कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी फोडते. गर्भवतीला आणि तान्ह्या बाळाला ती देत नाहीत. इतरांच्या बाबतीत चाचणीची सोय असेल तेथे चाचणी आधी करावी. नसेल तेथे गोळी देणाऱ्याने पूर्वी कधी औषधानंतर लघवी काळपट झाली होती का, असे रुग्णाला विचारावे, आईच्या भावांपैकी कोणाला किंवा तिच्या बापाला तसे झाले होते का तेही विचारावे, आणि गोळी सुरू केल्यावर लघवी गडद झाली, डोळे पिवळे पडले किंवा धाप लागली तर ती तत्काळ बंद करून दवाखाना गाठण्यास सांगावे. रुग्ण पुरुष असेल तर चुलत्यांची चौकशी येथे निरुपयोगी आहे. का, ते वरच्या परिच्छेदांवरून कळेल, आणि न कळल्यास त्यासाठी पाचव्या प्रकरणात वंशावळीच्या आकृत्या दिल्या आहेत.